राखणदाराला कुंपण

गावी जाताना आपण शेजाऱ्यांकडे घराची किल्ली ठेवतो. ‘तुळशीला तेवढे पाणी घाला,’ म्हणून सांगतो. शेजारी देवमाणूस असतो, यात शंका नाही. तरीही दागिन्यांच्या कपाटाची किल्ली आपण त्या जुडग्यात ठेवत नाही. हा अविश्वास नव्हे. उद्या तो जुडगा कुणी त्यांच्या हातून लांबवला, तर निदान कपाट शाबूत राहावे, एवढाच हेतू. ज्याच्याकडे जे काम, त्याच्याकडे त्या कामापुरतीच किल्ली! आपल्या आयाबायांना उपजत ठाऊक असलेले हे शहाणपण संगणकाच्या जगात रुळायला मात्र पुष्कळ वर्षे लागली.

सर्व्हर म्हणजे दुसऱ्या संगणकांची अष्टौप्रहर चाकरी करणारा संगणक. बँकेची खाती, इस्पितळातले अहवाल, रेल्वेची तिकिटे, सारे अशाच कुठल्या तरी सर्व्हरवर असते. त्याच्या वेशीवर फायरवॉल नावाचा राखणदार उभा असतो. येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारतो, ‘कुठून आलात? कुठल्या दाराशी काम?’ नियमात बसले तर आत, नाहीतर आल्या पावली परत. लिनक्स प्रणालीच्या अनेक सर्व्हरांवर या नियमांची वही सांभाळणारा एक कारभारी असतो. त्याचे नाव फायरवॉल-डी. प्रत्यक्ष अडवाअडवी करतो तो प्रणालीचा गाभा. कुणाला अडवायचे हे त्याला सांगतो हा कारभारी.

आता गोम अशी, की गाभ्याला हुकूम सोडता यावा म्हणून हा कारभारी ‘रूट’ या नावाने वावरतो. रूट म्हणजे संगणकावरचा सार्वभौम राजा. जुन्या पद्धतीत फाइल ज्याची, मर्जी त्याची. आणि राजाला तर कसलीच मनाई नाही. म्हणजे वेशीवरची वही लिहिणाऱ्याच्या कमरेला तिजोरी, कोठार, देवघर, साऱ्याच्या किल्ल्या! त्या प्रोग्रॅममध्ये एखादे छिद्र निघाले आणि चोर त्याच्या अंगात शिरला, तर चोरच राजा. किल्लेदार फितला की तटबंदी कितीही उंच असून उपयोग नसतो, हे आपल्याला निराळे सांगायला नको.

यावरचा उपाय रुजला तो अमेरिकेच्या संरक्षण खात्यात. गुप्त कागद कुणी वाचावा हे कागद बाळगणाऱ्याच्या मर्जीवर सोडायचे नाही. ते वरून ठरवायचे आणि संगणकाने सक्तीने पाळायचे. १९८३ साली त्या खात्याने संगणकांच्या सुरक्षिततेच्या कसोट्यांचे एक पुस्तक काढले. मुखपृष्ठाच्या रंगावरून सगळे त्याला ‘ऑरेंज बुक’ म्हणू लागले. वरच्या दर्जासाठी हे सक्तीचे नियंत्रण हवेच, असे त्यात सांगितले होते. पुढे तिथल्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने लिनक्ससाठी अशी व्यवस्था बांधली आणि डिसेंबर २००० मध्ये सर्वांना खुली केली. तिचे नाव एसई-लिनक्स. २००३ साली ती लिनक्सच्या मूळ गाभ्यात दाखल झाली. दुसऱ्यांच्या गुपितांवर कान ठेवणाऱ्या संस्थेने कुलूप घडवावे आणि ते फुकट वाटावे, याची मौज वाटते खरी. पण त्याची घडण उघडी असल्याने ते कुणालाही उलटेपालटे करून पाहता येते.

या व्यवस्थेत प्रत्येक फाइलच्या आणि चालू असलेल्या प्रत्येक कामाच्या कपाळावर एक चिठ्ठी असते. कुठल्या चिठ्ठीवाल्याने कुठल्या चिठ्ठीच्या वस्तूला काय करावे, याची यादी आधीच लिहिलेली. यादीत जे नाही, ते नाही. मग तुम्ही रूट असा की आणखी कुणी! फायरवॉल-डीच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते ‘फायरवॉलडी-टी’. त्याने आपली नियमांची वही वाचावी, रोजनिशी लिहावी, गाभ्याला हुकूम द्यावा. पासवर्डांच्या फाइलीत डोकावायला निघाला, तर गाभा त्याचाच हात धरतो.

निवृत्तीनंतर मी एका पतपेढीच्या सर्व्हरकडे हौसेने लक्ष देतो. मागे तिथे नव्या प्रोग्रॅमसाठी एक नवे दार उघडायचे होते. बाहेरच्या कंपनीचा तरुण आला. त्याने नियमाची फाइल आपल्या घरच्या फोल्डरात तयार केली आणि उचलून फायरवॉलच्या फोल्डरात ठेवली. नियम काही लागू होईना. काउंटरवर सभासदांची रांग, मॅनेजरसाहेबांच्या कपाळावर घाम.

“काका, हे एसई-लिनक्स फार पिडतं. बंद करून टाकू या. एका ओळीचं काम आहे.”

“बंद केल्यावर पुन्हा चालू कधी करणार?”

“तशी गरज लागत नाही, काका. पुष्कळ ठिकाणी बंदच असतं.”

हे ‘पुष्कळ ठिकाणी’ ऐकून माझ्या पोटात गोळा आला. त्या रांगेत एक बाई मुलीच्या लग्नाची ठेव मोडायला आल्या होत्या. त्यांच्या पैशांचा हिशेब याच सर्व्हरवर होता आणि ही एक ओळ कुणी लिहिली, हे त्यांना कधीच कळले नसते.

मी त्याला म्हटले, “आधी नोंदवही उघडू या.” एसई-लिनक्सची मोठी सोय ही, की नकार दिला की तो लिहून ठेवतो. नोंद लख्ख होती: फायरवॉलडी-टीने घरच्या फाइलीची चिठ्ठी असलेली वस्तू वाचायला मागितली, नाकारले. फाइलची नक्कल केली तर नवी प्रत नव्या जागेची चिठ्ठी घेते. पण मूळ फाइल उचलून हलवली तर जुनी चिठ्ठी कपाळावर तशीच राहते. सासरी आलेल्या मुलीचे नाव रेशनकार्डावर माहेरीच राहावे, तसे! ‘रिस्टोरकॉन’ ही एक आज्ञा दिली, चिठ्ठी बदलली, फायरवॉलने नियम पुन्हा वाचले आणि रांग हलली. बंद करायलाही एकच ओळ लागत होती आणि दुरुस्त करायलाही जवळजवळ तेवढीच. तो तरुणही हसला आणि त्याने ती आज्ञा वहीत टिपून घेतली.

या कुंपणाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. राखणदारच फितला, तर वेशीचे दार तो उघडू शकतो. ते त्याचे कामच आहे. शहाणा नियम कोणता आणि मूर्ख कोणता, हेही एसई-लिनक्सला कळत नाही. पण उघड्या दारापासून तिजोरीपर्यंतची वाट ते अडवून धरते आणि तेवढ्या अवधीत घरचे जागे होऊ शकतात.

ही व्यवस्था आपल्यापासून फार दूर आहे, असे मात्र समजू नका. २०१४ साली आलेल्या अँड्रॉइड ५.० पासून हेच एसई-लिनक्स अँड्रॉइड फोनांमध्ये पूर्ण सक्तीने चालते. तिथे ते बंद करायची मुभा तुम्हाआम्हाला ठेवलेली नाही, म्हणून ते कुणाला खुपत नाही. सर्व्हरवर मुभा आहे आणि घाईच्या वेळी ती मोह घालते.

म्हणून यंदा आपल्या पतपेढीच्या किंवा शाळेच्या सभेला जाल, तेव्हा चहा येण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारा: ‘आपल्या सर्व्हरवर सक्तीचे नियंत्रण चालू आहे ना? आणि कधी बंद केले असेल, तर कुणी आणि कशासाठी?’ उत्तर देणारा गांगरला, तर प्रश्न योग्य जागी लागला असे समजा.