साइड देण्याचा हिशेब

रस्ता रुंद झाला म्हणजे त्यावरून जाणाऱ्याचे मनही रुंद होते, असा काही नियम नाही. हिंगोली जिल्ह्यात सध्या याचे प्रत्यंतर रोज येते. १ मे १९९९ रोजी परभणीतून हा जिल्हा वेगळा झाला, तेव्हा इथल्या अरुंद रस्त्यांवर एक रीत होती. समोरून मोठी गाडी आली की एकाने डावे चाक साइडपट्टीवर उतरवायचे. मागच्याला पुढे जायचे असेल तर क्लीनरने खिडकीतून हात काढून ‘या’ म्हणायचे. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलेले असे, आणि हॉर्न ऐकून साइड देणे हा ड्रायव्हरच्या इभ्रतीचा भाग असे. महाराष्ट्रात २०१५ मध्ये त्या अक्षरांवर बंदी आली. रीत मात्र रस्ता रुंद झाला तेव्हाच विरू लागली होती.

आज अकोल्याहून वाशीम, हिंगोली, कळमनुरी, आखाडा बाळापूर करीत नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ चौपदरी आहे. वारंगा फाट्याला त्याला तुळजापूर-नागपूर महामार्ग येऊन मिळतो. वसमत-हिंगोलीची हळद, सोयाबीन, सिमेंट, लोखंड सारे याच वाटेने जाते. आणि मोटारीतून जाणाऱ्या प्रत्येकाची तक्रार एकच असते: ट्रकवाले उजवी लेन सोडत नाहीत.

तक्रार खोटी नाही. २०१७ च्या वाहनचालन नियमावलीप्रमाणे डावीकडून चालावे, उजवी लेन पुढे जाण्यापुरती घ्यावी आणि काम झाले की परत यावे. ती मोडल्यास २०१९ च्या दुरुस्तीने ५०० ते १००० रुपये दंड आहे. २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला ताशी १०० आणि मालट्रकला ८० किलोमीटरची मर्यादा आहे. दोघे एकाच लेनमध्ये आले की मागचा चिडतो, डावीकडून मुसंडी मारतो, आणि ट्रकच्या डाव्या अंगाला ड्रायव्हरला नीट दिसत नाही. अपघाताचे बीज तिथे पडते.

पण ट्रकवाला उजवीकडे का जातो, हेही विचारले पाहिजे. त्याच्या उंच केबिनमधून डावी लेन कशी दिसते पाहा. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे ना लाल दिवा ना चकाकणारी पट्टी. वळसा वाचवण्यासाठी उलट दिशेने येणारी मोटारसायकल. ढाब्यासमोर निम्मा रस्त्यावर उभा केलेला दुसरा ट्रक. सुगीत कडेला वाळत घातलेले सोयाबीन, भोवती दगडांची रांग. फाट्याफाट्यावर हात करणारी माणसे आणि त्यांच्यासाठी थबकणारी काळी-पिवळी. भरलेल्या ट्रकला असा अडथळा अवचित समोर आला तर ब्रेक लागेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून तो उजवीकडची सुरक्षित वाट धरतो आणि तिथेच राहतो. डावी लेन आपण गावकऱ्यांनी अंगणासारखी वापरायची आणि ड्रायव्हरने मात्र पुस्तकाप्रमाणे चालायचे, हे जमणारे नाही.

उभ्या किंवा हळू चालणाऱ्या वाहनावर मागून आदळणे किती भयंकर असते, हे समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ दिसले. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर भाविकांचा टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर मागून आदळला आणि १२ जण गेले.

दुसरा प्रकार दोन ट्रकांच्या शर्यतीचा. बँकेत आयुष्य गेल्याने मला आकडेमोडीची खोड आहे, वाचकांनी ती चालवून घ्यावी. पुढचा ट्रक ताशी ६० ने आणि मागचा ६२ ने चालला आहे. दोघांची लांबी १२-१२ मीटर, मागेपुढे २०-२० मीटर अंतर धरले, तर मागच्याला ६४ मीटरची आघाडी घ्यायची आहे. ताशी २ किलोमीटरच्या फरकाने तिला जवळजवळ दोन मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात दोघे सुमारे दोन किलोमीटर रस्ता अडवून धरतात आणि मागे मोटारी, एसटी, रुग्णवाहिका खोळंबतात. आता पुढच्याने पाय थोडा उचलून वेग ५० वर आणला, तर तेच काम वीस सेकंदांत होते. त्याचे नुकसान किती? पुन्हा वेग घेईपर्यंतचे धरून फार तर दहा सेकंद आणि घोटभर डिझेल. सौजन्याची किंमत एवढी स्वस्त क्वचितच असते!

तरीही तो पाय उचलत नाही, याला कारण आहे. ट्रकच्या कर्जाच्या फायली मी पुष्कळ पाहिल्या. गाडी उभी राहिली तरी हप्ता उभा राहत नाही. मालक तो ताण ड्रायव्हरवर ढकलतो, व्यापारी मालकावर. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा होता. दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विसावा असे तो सांगत असे. हा विसावा ज्याला खरोखर मिळतो, असा ड्रायव्हर शोधावा लागेल. रात्रभर जागलेल्या माणसाला दहा सेकंदसुद्धा आपल्या खिशातून गेल्यासारखे वाटतात.

म्हणून केवळ दंडाच्या पावत्यांनी हे सुटणार नाही. कारखान्यांनी ट्रॉलीला चकाकणारी पट्टी आणि मागचा दिवा असल्याशिवाय उसाचा काटा करू नये. ग्रामपंचायतींनी सुगीआधी खळ्यासाठी जागा करून द्यावी, म्हणजे धान्य रस्त्यावर येणार नाही. वारंगा फाट्यासारख्या ठिकाणी ट्रकांना थांबायला प्रशस्त तळ आणि न्हाणीघर हवे. डावी लेन मोकळी झाली की मग पोलिसांनी उजवीकडे रेंगाळणाऱ्या ट्रकला खुशाल दंड करावा. तो दंड न्याय्य ठरेल.

आणि मोटारवाल्यांनी? ट्रक डावीकडे परत यायला निघाला की त्याला यायला जागा द्यावी. त्याच फटीत आपले नाक खुपसू नये. त्याने साइड दिली तर हात उंचावून मान्य करावे. आपल्या घरातली हळद आणि गव्हाचे पीठ याच माणसाने रात्र जागून आणलेले असते. त्यालाही घर आहे, आणि तिथेही कोणीतरी त्याची वाट पाहत असते.