सोमल आपला, नोंदी इतरांच्या

४ एप्रिल २०२४ रोजी पवईच्या आयआयटीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ‘नेक्सकार १९’ या रक्तकर्करोगावरील स्वदेशी उपचाराचे लोकार्पण झाले. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, कर्कपेशींवरील सीडी-१९ ही खूण ओळखण्याची क्षमता त्यांना दिली जाते व त्या पुन्हा शरीरात सोडल्या जातात.

या वृत्ताशी आपला काय संबंध, असे काही वैद्यबंधू विचारतील. माझ्या मते तो औषधापेक्षा परीक्षणाशी आहे. टाटा स्मारक केंद्राच्या सहभागाने झालेल्या चाचणीत ६४ रुग्ण होते. परिणाम मोजता आला अशा ५१ जणांपैकी सुमारे ७३ टक्क्यांत प्रतिसाद मिळाला. २०२५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा उपचाराशी निगडित दोन मृत्यूंचीही त्यांत स्पष्ट नोंद होती. यशासोबत अपयशही मांडले, म्हणूनच त्या यशावर विश्वास बसतो.

परीक्षा आपणांस परकी नाही. आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती ही चतुर्विध परीक्षा चरकसंहितेतच आहे. व्यवहारात मात्र आपण बहुधा आप्तोपदेशापाशीच थांबतो. सोमलाचेच पाहा. चीनमधील हार्बिन येथील चिकित्सकांनी १९७० च्या दशकापासून त्याचा रक्तकर्करोगात वापर करून परिणाम नोंदविले. पुढे शुद्ध आर्सेनिक ट्रायऑक्साइडचे इंजेक्शन अनेक चाचण्यांतून गेले आणि २००० साली अमेरिकेत एका विरळ रक्तकर्करोगासाठी त्यास मान्यता मिळाली. सोमल आपल्याही रसग्रंथांत होता. नव्हत्या त्या रुग्णांच्या नोंदी.

पहूरसारख्या गावी दीर्घकाळचा ज्वर, पांडुता, अंगावरील नीलवर्ण डाग वा गाठी घेऊन येणारा रुग्ण प्रथम आपल्याच दारी येतो. त्याची रक्ततपासणी त्वरित करवून त्याला योग्य केंद्राकडे धाडणे हे आपले पहिले कर्तव्य होय. नव्या उपचारांचा खर्च लाखोंच्या घरात असल्याने हताश नातेवाईक ‘हमखास’ औषध मागतात. ते देण्याचा मोह औषधी विक्रेत्यांनीही टाळावा. कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींस १९५४ च्या कायद्याने बंदी आहेच.

संघटनेच्या प्रत्येक शाखेने एकच रुग्णपत्रक स्वीकारावे: निदानाचा आधार, औषध व मात्रा, चालू असलेली इतर औषधे, लाभ, उपद्रव आणि मृत्यू. गुण न आलेला रुग्णही त्यात लिहावा. या नोंदी जमतील, तेव्हाच आपल्या औषधांविषयी आपण पुराव्यानिशी बोलू शकू.