विजय संघाचा, चेंडू पिचरचा

न्यू यॉर्क मेट्सचा पिचर जेकब डीग्रॉम 2018 च्या मोसमात 217 इनिंग्ज खेळला. त्याने 269 स्ट्राइकआउट घेतले आणि दर नऊ इनिंग्जमागे सरासरी 1.70 धावाच दिल्या. एवढं करून वर्षाअखेर त्याच्या नावापुढे काय लागलं? 10 विजय, 9 पराभव. आता 1989 सालच्या ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचा स्टॉर्म डेव्हिस बघा. नऊ इनिंग्जमागे 4.36 धावा, म्हणजे डीग्रॉमच्या अडीच पटींहून जास्त. त्याच्या नावापुढे 19 विजय, 7 पराभव. केवळ विजयाच्या रकान्यावर भिस्त ठेवून कोणी संघ बांधायला बसला, तर तो डीग्रॉमला बाजूला ठेवून डेव्हिसच्या हातात चेंडू देईल.

या एका रकान्याने कित्येक पिढ्या पिचरची किंमत ठरवली. पुरस्कार त्यावर दिले गेले, पगार त्यावर ठरले. म्हणून त्याचं खंडन आधी केलं पाहिजे. पण तो रकाना पुसून त्याच्या जागी जी नवी एकांगी मोजमापं बसली आहेत, त्यांनाही तपासल्याशिवाय सोडता कामा नये.

प्रश्न नेमका काय आहे? मेजर लीगमधला संघ सहा महिन्यांत 162 सामने खेळतो. सामना सुरू करणाऱ्या पिचरचा हात एकदा राबला की त्याला चार दिवसांची विश्रांती लागते. म्हणून संघ पाच पिचरची फळी ठेवतो आणि ते पाळीपाळीने सामना सुरू करतात. हे रोटेशन. त्यात कोणाला घ्यायचं, कोणाला वगळायचं, कोणावर पैसा लावायचा, हे ठरवताना माप कोणतं वापरायचं?

पहिला पूर्वपक्ष जुन्या मंडळींचा. ते म्हणतात, खेळ जिंकण्यासाठी आहे. जो जिंकून देतो तो मोठा. हाडाचा पिचर धावफलक बघून चेंडू टाकतो. संघ 6-1 ने पुढे असेल तर तो दम राखतो, दोन धावा देतो; सामना 1-0 वर अडला की मूठ आवळतो. अशा माणसाची सरासरी जरा वाढलेली दिसेल, पण विजय त्याच्याकडेच असतील. दाखला म्हणून ते जॅक मॉरिसचं नाव घेतात. 1991 च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, मिनेसोटा विरुद्ध अटलांटा. मॉरिसने दहा इनिंग्ज एकही धाव दिली नाही आणि मिनेसोटाने 1-0 ने जेतेपद घेतलं.

हा दाखला मला मान्य आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. दहाव्या इनिंगमध्ये मिनेसोटाच्या जीन लार्किनने चेंडू आउटफिल्डरांच्या डोक्यावरून मारला आणि डॅन ग्लॅडन धावत घरी आला, म्हणून मॉरिसच्या नावावर विजय लागला. लार्किनचा तो फटका झेलला गेला असता, तर मॉरिसच्या दहा इनिंग्ज काडीनेही कमी ठरल्या असत्या का? त्याचं मोठेपण त्या दहा शून्यांत आहे. विजय लार्किनच्या बॅटमधून आला.

नियमही बघा. सुरुवातीच्या पिचरला विजय मिळायचा तर त्याने किमान पाच इनिंग्ज पुऱ्या केल्या पाहिजेत, तो मैदान सोडताना त्याचा संघ पुढे असला पाहिजे आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकली पाहिजे. या तीन अटींपैकी पहिलीच काय ती त्याच्या हातातली. आघाडी मिळवणं बॅटरांचं काम, टिकवणं नंतर येणाऱ्या पिचरचं. मी क्रिकेट बघत वाढलो. आपले फलंदाज शंभरात गारद झाले म्हणून बोलरच्या नावावर ‘पराभव’ लिहिल्याचं मी कधी पाहिलं नाही. बेसबॉलमध्ये मात्र हा अन्याय अधिकृत वहीत नोंदला जातो. 1968 मध्ये सेंट लुईसच्या बॉब गिब्सनने नऊ इनिंग्जमागे 1.12 धावा दिल्या आणि तरीही त्याच्या खात्यावर 9 पराभव आहेत. 2010 मध्ये सिॲटलच्या संघाने 162 सामन्यांत फक्त 513 धावा काढल्या. त्या संघातल्या फेलिक्स हर्नांडेझची सरासरी 2.27 आणि हिशेब 13 विजय, 12 पराभव. त्या वर्षी मत देणाऱ्या पत्रकारांनी 21 विजय मिळवलेल्या सी. सी. सबॅथियाला मागे ठेवून हर्नांडेझला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार दिला, तेव्हा जुन्या रकान्याला पहिला मोठा तडा गेला. 2018 मध्ये हाच पुरस्कार डीग्रॉमला मिळाला, पहिल्या पसंतीच्या 30 पैकी 29 मतांनी.

कोणी म्हणेल, मग स्टीव्ह कार्लटनचं काय? 1972 मध्ये फिलाडेल्फियाचा संघ जेमतेम 59 सामने जिंकला, त्यातले 27 एकट्या कार्लटनचे. खरं आहे. पण त्याची सरासरी त्या वर्षी 1.97 होती आणि तो 346 इनिंग्ज खेळला होता. त्याचं थोरपण सांगायला हे दोन आकडे पुरे आहेत. विजय ही त्यांची सावली, आणि सावलीची लांबी माणसाच्या उंचीवर नव्हे, सूर्य कुठे आहे त्यावर ठरते.

दुसरा पूर्वपक्ष अधिक समंजस आहे. विजय सोडा, ते म्हणतात. पिचरने धावा किती दिल्या ते बघा. अर्न्ड रन सरासरीची कल्पना रुजवणारा हेन्री चॅडविक जन्माने इंग्रज आणि मुळात क्रिकेटचा वार्ताहर होता. क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे झालेली धाव पिचरच्या माथी मारू नये, हा त्यामागचा न्याय्य विचार. विजयाच्या रकान्यापेक्षा हे माप शंभर पटींनी बरं. तरीही त्यात एक मोठं भोक आहे.

शॉर्टस्टॉपच्या डावीकडे जमिनीलगत चेंडू जातो. एक चपळ शॉर्टस्टॉप झेपावतो, पण चेंडू त्याच्या ग्लव्हमधून निसटतो; नोंद होते ‘चूक’, पिचर सुटला. दुसरा सुस्त शॉर्टस्टॉप चेंडूजवळ पोचतच नाही. नोंद होते ‘हिट’, धाव पिचरच्या खात्यावर. पिचरने चेंडू तोच टाकला होता. म्हणजे ही सरासरी क्षेत्ररक्षकाची चूक वजा करते, त्याचा संथपणा मात्र पिचरच्या नावावर लिहिते.

याची उलट बाजू 23 जुलै 2009 रोजी शिकागोत दिसली. व्हाइट सॉक्सचा डावखुरा मार्क बर्ली टॅम्पा बे संघाविरुद्ध ‘परफेक्ट गेम’च्या उंबरठ्यावर होता. आठ इनिंग्ज झाल्या होत्या आणि एकही बॅटर बेसवर पोचला नव्हता. नवव्या इनिंगच्या पहिल्याच बॅटरने, गेब कॅपलरने, चेंडू सेंटर फील्डच्या भिंतीकडे उंच भिरकावला. ड्वेन वाईज त्याच इनिंगला क्षेत्ररक्षणासाठी आत आला होता. तो पाठमोरा धावत भिंतीपाशी गेला, वर झेपावला आणि भिंतीच्या माथ्यावरून निघालेला चेंडू त्याने आत ओढला. खाली येताना चेंडू ग्लव्हमधून उसळला, तो त्याने दुसऱ्या हाताने धरला. परफेक्ट गेम इतिहासात बर्लीच्या नावावर आहे आणि तो त्याचाच आहे. पण त्यातला एक बाद वाईजचा आहे, हे बर्लीही नाकारणार नाही.

2001 मध्ये व्होरोस मॅक्रॅकन नावाच्या एका हौशी अभ्यासकाने हीच गोष्ट आकड्यांनी मांडली. स्ट्राइकआउट, वॉक आणि होम रन या तीन गोष्टी पिचर आणि बॅटरमध्येच निकाली लागतात. बाकी मैदानात पडलेल्या चेंडूंपैकी किती हिट ठरतील यावर पिचरचा ताबा फारच थोडा असतो. साधारण दहापैकी तीन चेंडू हिट ठरतात आणि एखाद्या वर्षी कोणाचे चार किंवा दोन ठरले, तर त्यामागे बहुधा नशीब आणि क्षेत्ररक्षक असतात. पुढच्या अभ्यासकांनी या सिद्धांताला थोडी मुरड घातली. काही पिचर वर्षानुवर्षं बॅटरांना मवाळ फटके मारायला लावतात, हे त्यांनी दाखवलं. पण गाभा टिकला. त्यावरूनच पुढे सूत्रं आली: होम रनला 13 ने गुणा, वॉक आणि अंगावर लागलेल्या चेंडूंना 3 ने, स्ट्राइकआउटला 2 ने गुणून वजा करा, आलेल्या बेरजेला इनिंग्जने भागा आणि त्यात एक ठरावीक आकडा मिळवा.

इथपर्यंत मी नव्यांच्या बाजूने आहे. तिसरा पूर्वपक्ष याच नव्यांच्या टोकाच्या अनुयायांचा. ते म्हणतात, चेंडूचा वेग मोजा, तो किती वळतो ते मोजा, शंभर बॅटरांमागे स्ट्राइकआउट किती ते मोजा, माप झालं. पाच इनिंग्ज जीव तोडून टाक आणि निघ, बाकीचं बुलपेन, म्हणजे नंतर येणाऱ्या पिचरांचा ताफा, बघून घेईल. यांचं खंडन पहिल्या दोघांइतक्याच जोराने केलं पाहिजे, कारण आज निर्णय यांच्या हातात आहेत.

साधा हिशेब मांडू. 162 सामने, प्रत्येकी नऊ इनिंग्ज, म्हणजे वर्षाला सुमारे 1,458 इनिंग्ज कोणीतरी टाकायच्याच आहेत. पाच पिचरनी प्रत्येकी 32 सामने सुरू केले आणि दर वेळी सहा इनिंग्ज टाकल्या, तर 960 भरतात. पाचच टाकल्या, तर 800. मधल्या 160 इनिंग्ज कुठे जातात? बुलपेनमधला पिचर वर्षाला साठ-सत्तर इनिंग्ज टाकतो. म्हणजे फळीने दर सामन्यात एक इनिंग कमी टाकली की दोन-अडीच माणसांचं वर्षभराचं काम वाढतं. आणि ते काम संघातल्या उत्तम माणसांवर पडत नाही. त्यांचे हात आधीच भरलेले असतात. ते पडतं नवव्या-दहाव्या क्रमांकाच्या पिचरवर. प्रति-इनिंग सूत्रात हा खर्च कुठेच दिसत नाही.

म्हणून मला पुन्हा बर्लीकडे यावंसं वाटतं. 1998 च्या निवडीत त्याचं नाव 38 व्या फेरीत पुकारलं गेलं. कारकिर्दीच्या उत्तरार्धात त्याचा वेगवान चेंडू ताशी 85 मैलांच्या आसपास असे. आजच्या वेगमापकासमोर त्याला कोणी उभंही केलं नसतं. त्याने 2001 ते 2014 अशी सलग चौदा वर्षं 200 किंवा त्याहून जास्त इनिंग्ज टाकल्या. पंधराव्या वर्षी केवळ चार बाद कमी पडले. याउलट 2024 मध्ये सगळ्या मेजर लीगमध्ये मिळून 200 इनिंग्ज गाठणारे पिचर चारच होते.

नव्या मंडळींचं एक म्हणणं खरं आहे: त्याच पिचरसमोर तिसऱ्यांदा आलेला बॅटर सरासरीने अधिक चांगला खेळतो. पिचरचा चेंडू त्याने दोनदा पाहिलेला असतो. याच नियमाचं सर्वांत गाजलेलं उदाहरण 2020 च्या वर्ल्ड सिरीजमधल्या सहाव्या सामन्यातलं. टॅम्पा बेच्या ब्लेक स्नेलने 73 चेंडूंत दोनच हिट दिल्या होत्या, नऊ स्ट्राइकआउट घेतले होते, संघ 1-0 ने पुढे होता. प्रतिस्पर्धी डॉजर्सचे पहिले तीन बॅटर त्याच्यासमोर प्रत्येकी दोनदा आले होते आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट झाले होते. सहाव्या इनिंगमध्ये एक बाद झाल्यावर डॉजर्सच्या ऑस्टिन बार्न्सची एक हिट पडली आणि मॅनेजर केव्हिन कॅशने स्नेलला बाहेर बोलावलं. नव्या पिचरला मुकी बेट्सने लगेच डबल मारला, डॉजर्स पुढे गेले आणि 3-1 ने जेतेपद घेऊन गेले.

डॉजर्स जिंकले म्हणून कॅश चुकला, असं मी म्हणणार नाही. विजयाचा रकाना निकालावर चालतो म्हणून तो टाकायचा आणि कॅशला मात्र निकालावरून दोषी ठरवायचं, हा दुटप्पीपणा झाला. माझा आक्षेप वेगळा आहे. तो नियम शेकडो पिचरांच्या सरासरीतून आला होता, आणि समोर उभा होता एकच पिचर, त्या रात्रीचा. त्याचे चेंडू सहा वेळा काय करून गेले, हाही पुरावाच होता. सरासरी हातात धरावी. डोळ्यांवर बांधू नये.

आता मंडन. माझ्या मते रोटेशनसाठी पिचर पारखताना तीन प्रश्न विचारावेत आणि याच क्रमाने. पहिला: त्याच्या एकट्याच्या हातात जे आहे, ते तो किती चांगलं करतो? स्ट्राइकआउट किती, वॉक किती, होम रन किती. विजय आणि एका वर्षाची सरासरी इथे दाराबाहेर ठेवावी. दुसरा: तो किती वेळा उभा राहतो आणि किती वेळ टिकतो? पाळी चुकवत नाही ना, सहाव्या इनिंगमध्ये त्याच्याजवळ तिसऱ्या प्रकारचा चेंडू आहे का, की दोनच प्रकारच्या चेंडूंवर पाच इनिंग्ज रेटतो? तिसरा: तो आपल्या मैदानाला आणि आपल्या क्षेत्ररक्षकांना शोभेल का? डेन्व्हरमध्ये समुद्रसपाटीपासून सुमारे 5,200 फुटांवर हवा विरळ असते. चेंडू कमी वळतो आणि फटका लांब जातो. तिथली चारची सरासरी आणि समुद्रकाठची चारची सरासरी एक नव्हे. जमिनीलगत चेंडू मारायला लावणारा पिचर सुस्त इनफिल्डसमोर उभा केला, तर दोष त्याचा नाही, निवडणाऱ्याचा आहे.

पहिल्या प्रश्नावर फळीतला अव्वल पिचर ठरतो. दुसऱ्यावर सगळी फळी उभी राहते. हे मला डीग्रॉमनेच शिकवलं. 2021 मध्ये त्याची सरासरी 1.08 होती, पण दुखापतीमुळे तो फक्त 15 सामने सुरू करू शकला. पुढे टेक्ससने त्याच्याशी पाच वर्षांचा 18.5 कोटी डॉलरचा करार केला. 2023 मध्ये सहा सामन्यांनंतर त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि टेक्सस त्याच्याविना वर्ल्ड सिरीज जिंकला. त्याच्या चेंडूत काहीच उणं नव्हतं; तो पाचव्या दिवशी मैदानात नव्हता, इतकंच.

2025 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी, त्याने 30 सामने सुरू केले. त्या मोसमातही लोक त्याच्या विजयांची बेरीज करत बसले. त्या तक्त्यात मला मोलाचा वाटला तो 30 हा आकडा, कारण तो कोणत्याही बॅटरने किंवा शॉर्टस्टॉपने त्याला मिळवून दिलेला नव्हता.