ब्रह्मपुरीचा उन्हाळा आणि फ्लास्कवरची रेघ

मित्रांनो, ब्रह्मपुरीचा उन्हाळा ठाऊक आहे ना? पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. हा उन्हाळा प्रयोगशाळेतही खोडी काढतो, बरं का!

अनुमापनाला आधी प्रमाण द्रावण लागते. ६.३ ग्रॅम स्फटिकरूप ऑक्झॅलिक आम्ल पाण्यात विरघळवून बरोबर १ लिटर केले, की ०.१ नॉर्मल द्रावण तयार. (कॉस्टिक सोडा असा तोलून चालत नाही. तो लबाड हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो!)

आता फ्लास्कच्या पोटावर पाहा. २७ किंवा २० अंश सेल्सिअस असे छापलेले दिसेल. त्याच तापमानाला ती रेघ खरी. ४० अंशांचे पाणी रेघेपर्यंत भरलेत, तर २७ अंशांवर येईतो ते सुमारे ४ मिलिलिटरने आकसते. द्रावण तेवढे तीव्र! मग २५ मिलिलिटरच्या वाचनात ०.१ चा फरक, म्हणजे ब्युरेटवरचे चक्क एक घर. फिनॉल्फ्थॅलिनचा फिका गुलाबी रंग कितीही जपून आणा, उत्तर हुकणारच.

म्हणून रेघेच्या जरा खाली थांबा, फ्लास्क गार होऊ द्या, शेवटचे थेंब मग घाला. माठातले गार पाणी मात्र नको हं! त्यात क्षार असतात, ऊर्ध्वपातितच हवे.