नोंदणी एका राज्याची, नोकरी दुसऱ्या राज्यात

वारासिवनी मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात असले, तरी येथील तरुणांना इंदूरच्या शासकीय दंत महाविद्यालयापेक्षा नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय कितीतरी जवळ पडते. दातांच्या दवाखान्यातील नोकरीसाठीही गोंदिया-नागपूरच सोयीचे. अशा उमेदवाराच्या बायोडेटाची पहिली ओळ कोणती असावी, हा प्रश्न किरकोळ वाटेल. प्रत्यक्षात तो कायद्याचा आहे.

दातांवरचे कीटण काढणे, दात स्वच्छ व चकचकीत करणे आणि मुखस्वच्छतेचे मार्गदर्शन करणे, अशी डेंटल हायजिनिस्टच्या कामाची व्याख्या १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने केली. त्यासाठी राज्य दंत परिषदेकडे नोंदणी लागते. म्हणून बायोडेटात शिक्षणाच्याही आधी नोंदणी क्रमांक आणि नोंदणीचे राज्य यावे.

खरी गफलत होते ती अनुभवाच्या रकान्यात. मदतनीस म्हणून घालवलेली वर्षे ‘हायजिनिस्ट’ या नावाखाली लिहिली, तर तो अनुभव न ठरता बेकायदा कामाची कबुली ठरू शकते. उपकरणे निर्जंतुक करणे, रुग्णांच्या वेळा लावणे ही कामे खऱ्या नावानेच लिहावीत. त्यांनाही मोल आहे.

संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्यात दंतवैद्य व दंतसहायकांच्या राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. ती पूर्णपणे रुजली, तर गोव्यासारख्या लहान राज्यातील दवाखान्यालाही परराज्यातील उमेदवाराची खातरजमा सहज करता येईल. तोवर रुग्णाच्या सुरक्षिततेचा मोठा भार त्या एका कागदाच्या खरेपणावर राहील.