पट्टी लावूनच मासा घ्या

३१ जुलैला मासेमारीबंदी संपेल आणि आंबा व करूळ घाटातून बर्फाच्या पेट्या पुन्हा कोल्हापुरात उतरू लागतील. या हंगामापासून आपण खानावळ आणि हॉटेलचालकांनी एक शिस्त लावून घ्यावी: पेटी उघडली की वजनकाट्याआधी पट्टी.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने ५४ प्रजातींची किमान लांबी ठरवून दिली. शिफारस केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची होती. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. यापेक्षा लहान मासा पकडणाऱ्याला दंड आहेच, तो विकत घेणारा व्यापारीही त्यातून सुटत नाही. त्याच महिन्यात पापलेटाला राज्यमाशाचा मान मिळाला. केरळने तर अशी मर्यादा २०१५ पासूनच घालायला सुरुवात केली होती.

नियम बंदरावरचा असला तरी पिल्लांना भाव आपल्या भटारखान्यात मिळतो. गिऱ्हाइकाला ताटात अख्खे पापलेट हवे आणि थाळीचा दरही परवडायला हवा, म्हणून पुरवठादाराला ‘बारीकच पाठवा’ असा निरोप जातो. अंडी घालण्याआधीच मासा तळला गेला, तर पुढच्या वर्षी जाळ्यात येणार काय? सातपाटीचे मच्छीमार पापलेटाची पिल्ले वाचवा म्हणून वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. ते ऐकण्याची जबाबदारी खरेदीदारांचीही आहे.

शाळेची १५ सेंटीमीटरची पट्टी माशाशेजारी धरा. पापलेट साडेतेराच्या आत भरले, तर परत करा. अख्ख्या माशाचा हट्ट सोडून मोठ्या पापलेटाचे, सुरमईचे तुकडे थाळीत द्या. लहान दिसणारा प्रत्येक मासा पिल्लू नसतो, हेही ध्यानात ठेवा. मांदेली आणि जवळा मुळातच लहान चणीचे. त्यांना मेनूत मानाची जागा द्या; गिऱ्हाईक खूश होईल आणि दरही आवाक्यात राहील.

मोरीच्या, म्हणजे शार्कच्या, बाबतीत तर अधिकच सावध राहायला हवे. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. व्हेल शार्कला २००१ पासून संरक्षण आहे. २०२२ च्या दुरुस्तीने शार्क आणि पाकटांच्या आणखी प्रजाती यादीत आल्या. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन वर्षांची कैद आहे. डोके, पर आणि कातडी काढलेला तुकडा कोणत्या जातीचा, हे मुरलेल्या आचाऱ्यालाही सांगता येत नाही. त्यामुळे मोरी घ्यायचीच तर अख्खी घ्या, जात विचारा आणि बिलावर लिहून घ्या. शंका आली, तर घेऊच नका.

‘आपण नाही घेतले तर दुसरा घेईल’ हे उत्तर नेहमीचे आहे. पण कोल्हापूरला मासा पुरवणारे मोजके आहेत आणि त्यांना आपली मागणी तोंडपाठ असते. शहरातल्या दहा-बारा खानावळींनी एकाच मापाची ऑर्डर लेखी दिली, तर बंदरावरची निवड बदलेल. मत्स्यव्यवसाय विभागानेही किमान लांबीचा तक्ता मराठी नावांसह प्रत्येक मासळी बाजारात लावावा आणि तपासणी बोटी उतरतात तिथूनच सुरू करावी. सगळा भार किरकोळ विक्रेत्या बायकांवर टाकू नये.

तोवर थांबण्याचे कारण नाही. येत्या ऑर्डरीवर वजनाशेजारी लांबीही लिहा.