घरोघरचीं यंत्रें : पेट्रोलचें इंजिन सुरू कां होत नाहीं ?

गेल्या अंकांत विहिरीवरील विजेच्या पंपाची निगा कशी राखावी, हें आम्हीं सांगितलें होतें. वीजच गेली तर काय करावें, हा त्यापुढील साहजिक प्रश्न होय. त्याचें उत्तर बहुतेक घरांत एका कोपऱ्यांत पोत्याखालीं झांकून ठेवलेलें असतें. पेट्रोलवर चालणारें लहान जनित्र, फवारणीचा पंप किंवा गवत कापण्याचें यंत्र, यांची वर्षांतून दहा महिने कोणी विचारपूस करीत नाहीं. आणि गरज पडली म्हणजे मात्र तीं पहिल्याच ओढीस सुरू व्हावींत अशी आपली अपेक्षा असते. या वेळचा विषय शोधण्यास आम्हांस दूर जावें लागलें नाहीं. तो आमच्याच घरीं घडला, आणि त्यांत आम्हां शहाण्या म्हणविणाऱ्यांची कशी फजिती झाली, हेंहि सांगणें प्राप्त आहे.

आमचें मूळ घर कोंकणांत आहे. गणपतीस चारहि भावांचे संसार तेथें जमतात. हरतालिकेच्या सायंकाळीं पावसानें झोडपून काढलें आणि वीज गेली. कोठीच्या खोलींतलें जनित्र बाहेर काढण्यांत आलें. मागल्या दिवाळीनंतर त्यास कोणी हात लावला नव्हता. टाकींत पेट्रोल मात्र तेव्हांचेंच अर्धें शिल्लक होतें. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत शिकतो. त्यानें दोरी ओढण्यास आरंभ केला. तीस-चाळीस वेळां ओढून तळहातास फोड आला. मग त्यानें नवा प्लग बसविला, कार्बोरेटरचा स्क्रू फिरविला, हवेची गाळणी काढून बाजूस ठेविली, आणि पुन्हां दोरी ओढली. यंत्र ढिम्म.

आमचे थोरले बंधु, ज्यांस सर्व घर नाना म्हणतें, यांनी आयुष्यभर शाळेंत पदार्थविज्ञान शिकविलें. ते हा प्रकार पाहत ओटीवर बसले होते. ते म्हणाले, "बाळ, तूं प्लग बदललास, स्क्रूहि फिरविलास. आतां हें सुरू झालें, तर कशानें झालें तें सांगशील का ?"

"नाहीं, नाना."

"आणि नाहीं झालें, तर मूळच्या दोषामुळें होत नाहीं कीं तूं फिरविलेल्या स्क्रूमुळें, हेंहि सांगतां येणार नाहीं. वैद्य एकाच वेळीं चार औषधें देऊं लागला, तर गुण कशाचा आणि अपाय कशाचा ? सगळें पहिल्यासारखें कर, आणि मग एका वेळीं एकच प्रश्न विचार."

नानांनी सांगितलेली प्रश्नांची ती परंपरा वाचकांस उपयोगी पडेल म्हणून येथें देतों.

इ. स. १८७६ मध्यें जर्मनींत निकोलाउस ओटो यांनी चार टप्प्यांचें इंजिन चालवून दाखविलें. तें कोळशाच्या वायूवर चालत असे. परंतु आपल्या घरांतील लहान इंजिनांतहि तेच चार टप्पे आहेत. पिस्टन म्हणजे दट्ट्या खालीं जातो तेव्हां हवा व पेट्रोलची वाफ आंत ओढली जाते. तो वर येतो तेव्हां तें मिश्रण दाबलें जातें. प्लगची ठिणगी पडून मिश्रण पेटतें व दट्ट्यास खालीं ढकलतें. आणि तो पुन्हां वर येतांना धूर बाहेर लोटतो. यावरून इंजिनास चारच गोष्टी लागतात हें उघड आहे : पेट्रोल, पुरेशी हवा, दाब, आणि योग्य वेळीं ठिणगी. पेट्रोलच्या एका भागास वजनानें सुमारें पावणेपंधरा भाग हवा लागते. या चारांपैकीं कोणती गोष्ट कमी आहे, एवढेंच शोधावयाचें असतें. यंत्र रुसत नाहीं. तें उपाशी असतें, गुदमरलेलें असतें, किंवा थंड पडलेलें असतें.

दोरीस हात लावण्यापूर्वीं डोळ्यांनीं पाहावें. पेट्रोलची तोटी उघडी आहे का ? बंद करण्याची कळ 'चालू' वर आहे का ? थंड इंजिनास चोक ओढला आहे का ? तेल पुरेसें आहे का ? पुष्कळ जनित्रांत अशी योजना असते कीं, तेल कमी झालें म्हणजे ठिणगीच बंद होते. यंत्र उतरत्या अंगणांत तिरपें ठेवलें, तरी तेल एका बाजूस जाऊन तोच परिणाम होतो. दुरुस्तीस नेलेलें यंत्र तेथील सपाट फरशीवर ठेवतांच सुरू व्हावें आणि घरीं आणल्यावर पुन्हां बंद पडावें, याचें रहस्य कित्येकदां एवढेंच असतें.

त्यानंतर प्लग काढून त्याचें तोंड पाहावें. जिभेवरून वैद्य जसा पोटाची परीक्षा करतो, तशी प्लगवरून इंजिनाची होते. अनेकदां दोरी ओढूनहि प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल आंत पोहोंचतच नाहीं. ओला असेल, तर पेट्रोल येतें, पण पेटत नाहीं. काळी कोरडी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त व हवा कमी. काळा तेलकट थर असेल, तर तेल वर चढत आहे. फिकट तपकिरी रंग हें आरोग्याचें लक्षण.

ठिणगी पाहण्याची रीत अशी. सांडलेलें पेट्रोल प्रथम पुसून घ्यावें. प्लग त्याच्या टोपींत बसवून, त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूस टेकवावा. मात्र ज्या छिद्रांतून प्लग काढला त्यापासून तो दूर असावा. हातानें न धरितां रबरी मुठीच्या पकडीनें धरावा, आणि दुसऱ्यानें दोरी ओढावी. अंधारांत स्वच्छ निळी ठिणगी दिसली तर ठीक. पिवळसर व मधूनमधून पडणारी असेल तर दुसरा प्लग लावून पाहावा. अनेक लहान इंजिनांत प्लगच्या टोकांतील अंतर ०.७ ते ०.८ मिलिमीटर असावें लागतें. नव्या प्लगनेंहि ठिणगी पडत नसेल, तर बंद करण्याच्या कळीची तार कोठें धातूस टेकली आहे का तें आधीं तपासावें; आंतील कॉइलवर संशय शेवटीं घ्यावा. हें सर्व बॅटरीच्या उजेडांत करावें. कंदील किंवा समई जवळ आणूं नये.

दाबाची परीक्षा दोरीच देते. सावकाश ओढतांना एका ठिकाणीं ती जड लागली पाहिजे. नव्या पद्धतीच्या कांहीं इंजिनांत सुरू करतांना दाब मुद्दाम थोडा सोडण्याची योजना असते, म्हणून फार जड लागणार नाहीं. परंतु बादली नसलेल्या रहाटासारखी दोरी सुळकन् येत असेल, तर झडप अडकली आहे, डोक्याखालील गॅस्केट फाटलें आहे, किंवा दट्ट्याच्या कड्या झिजल्या आहेत. येथें मात्र घरच्या वैद्यानें थांबावें व कारागिराकडे जावें.

आतां सर्वांत उपयोगाची परीक्षा. ठिणगी आहे व दाबहि आहे, असें ठरल्यावर प्लगच्या छिद्रांत पेट्रोलचे पांच-सहा थेंब सोडावे, डबा दूर नेऊन ठेवावा, प्लग बसवून दोरी ओढावी. इंजिन दोन-तीन क्षण धडधडून बंद पडलें, तर त्यानें स्वतःच सांगितलें कीं, 'ठिणगी, दाब, हवा सगळें आहे. मला अन्न मिळत नाहीं.' मग टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची वाट तेवढी तपासावयाची राहिली.

आमच्या जनित्राचें तसेंच झालें. नानांनी कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सोडावयास लावला व आंतील द्रव एका कांचेच्या पेल्यांत घेतला. वर पेट्रोल आणि तळाशीं वेगळा थर अशी स्पष्ट रेघ दिसली. मुलगा म्हणाला, "पाणी गेलें असेल." नाना म्हणाले, "नुसतें पाणी नव्हे." पेट्रोलमध्यें आतां इथेनॉल असतें, शेंकडा २० मिसळण्याचें उद्दिष्ट आपल्या देशानें २०२५ सालीं गांठलें. उसापासून वा धान्यापासून होणारें हें द्रव्य हवेंतील ओलावा शोषून घेतें. थोडें पाणी त्यांत विरघळून राहतें. परंतु मर्यादा ओलांडली कीं पाणी व इथेनॉल मिळून तळाशीं बसतात, आणि इंजिनास प्रथम तोच थर मिळतो. कोंकणांतील पावसाळा व अर्धी रिकामी टाकी एकत्र आल्यावर दुसरें काय होणार ? शिवाय जुन्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो व मागें चिकट राळ राहते. कार्बोरेटरमधील जेटचें छिद्र मिलिमीटरहूनहि बारीक असतें; तें बुजण्यास तेवढी राळ पुरते. तें पोलादी तारेनें टोंचूं नये, छिद्र मोठें होतें. साफ करण्याचा फवारा मारून मऊ तांब्याच्या एका केसाइतक्या तारेनें हळूच मोकळें करावें. टाकी रिकामी करून ताजें पेट्रोल घातलें, जेट साफ केलें, आणि तिसऱ्या ओढीस जनित्र सुरू झालें. मुलांनीं टाळ्या पिटल्या.

सुरू होऊन मग बिघडणाऱ्या इंजिनाचीं लक्षणेंहि थोडक्यांत सांगतों. चोक सोडतांच बंद पडतें किंवा आवाज सारखा चढतो-उतरतो, तर जेट अर्धवट बुजलें आहे किंवा कोठून तरी जादा हवा शिरत आहे. पाव तासानें बंद पडतें आणि टाकीचें झांकण उघडतांच 'फुस्' असा आवाज होऊन पुन्हां चालूं लागतें, तर झांकणाचें श्वासाचें छिद्र बुजलें आहे. काळा धूर येत असेल तर हवेची गाळणी धुवावी. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. दोरी हाताला उलटा हिसका देत असेल, तर फ्लायव्हीलची लहान चावी तुटून ठिणगीची वेळ चुकली असण्याचा संभव असतो. गवत कापण्याचीं बरींच यंत्रें दोन टप्प्यांचीं असतात. त्यांच्या पेट्रोलांतच यंत्राच्या पुस्तिकेंत दिल्याप्रमाणें तेल मिसळावें लागतें. तें विसरल्यास दट्ट्या जाम होतो, आणि ती चूक महाग पडते.

येथें हा लेख संपावयास हवा होता. परंतु त्या रात्रीची गोष्ट येथें संपली नाहीं.

पाऊस जोराचा होता, म्हणून चालू झालेलें जनित्र आम्हीं मागल्या पडवींत ठेविलें. तीन बाजू उघड्या आहेत, एवढें पुरे असें आम्हांस वाटलें. पडवीला लागूनच माजघराची खिडकी आहे. अर्ध्या तासानें आई म्हणाल्या कीं, डोकें जड झालें आहे. हरतालिकेचा उपास, असें आम्हीं म्हटलें. तेवढ्यांत थोरल्या वहिनी निजलेल्या धाकट्या नातीस जेवणासाठीं उठवूं लागल्या. ती उठेना, डोळे उघडले तों तिला उलटी झाली. वहिनी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "आजींचा उपास आहे, हिचा नाहीं. दोघींस एकदम कां व्हावें ? आधीं तें यंत्र बंद करा. उजेडाचें मग पाहूं."

यंत्र बंद केलें, सर्वांस पुढल्या ओटीवर मोकळ्या हवेंत आणलें, आणि त्याच पावसांत आई व नात यांस तालुक्याच्या गांवीं डॉक्टरांकडे नेलें. तेथें त्यांस प्राणवायु देण्यांत आला. पहांटे मुलगी हसूं-खेळूं लागली, तेव्हां सगळ्यांच्या जिवांत जीव आला.

पेट्रोल जळतांना जो कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्यास रंग नाहीं आणि वासहि नाहीं. रक्तांतील लाल द्रव्यास तो प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मनुष्य गुदमरल्याचें त्यास कळत नाहीं. डोकें दुखतें, मळमळतें, झोंप येते, आणि त्या झोंपेंतून तो उठत नाहीं. इंजिन उत्तम चाललें तरी हा वायु निघतोच. म्हणून जनित्र घरांत, पडवींत, जिन्याखालीं किंवा खिडकीजवळ कधींहि ठेवूं नये. घरापासून निदान वीस फूट दूर, धुराचें तोंड घराकडे नाहीं असें, उघड्यावर ठेवावें. पाऊस असेल तर वर चारहि बाजूंनीं मोकळें छप्पर घालावें. तें जमत नसेल तर समईवर रात्र काढावी.

दुसऱ्या दिवशीं नाना पुतण्यास म्हणाले, "काल मी तुला चार प्रश्न शिकविले आणि पांचवा मीच विसरलों. यंत्राला काय हवें तें विचारलें; यंत्र काय बाहेर टाकतें आणि तें कोठें जातें, हें विचारलें नाहीं. तुझ्या वहींत तो प्रश्न पहिला लिही." मुलानें तसें लिहिलें. नानांनी चूक लपविली नाहीं, म्हणून आम्हीहि ती छापून देत आहों.

या दुखण्यांवरचा खरा उपाय औषधांत नसून पथ्यांत आहे. काम संपलें म्हणजे टाकींतील पेट्रोल काढून ठेवावें, तोटी बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालूं द्यावें, म्हणजे कार्बोरेटर कोरडें राहतें. पावसाळ्यापूर्वीं ताजें पेट्रोल थोडें घालून दहा मिनिटें चालवून पाहावें. तेल पुस्तिकेप्रमाणें बदलावें. आणि यंत्र कोठें ठेवावयाचें ती जागा उजेडीं, कोरड्या दिवसांत ठरवून ठेवावी. अंधार व पाऊस असतांना मनुष्य जवळची जागा निवडतो, योग्य जागा निवडीत नाहीं.

जनित्राची तार घरांतील विजेच्या तारांस परस्पर जोडल्यानें खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवास कसा धोका होतो, हें पुढील अंकीं सांगूं.